पत्ता आणि ठिकाण

आपल्या देशात १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे दळणवळण मंत्रालयातील वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतातील नामांकित कवी. त्यांच्या सहा आकड्यांतील पहिलाच आकडा पत्राला दिशा दाखवितो. ४ दिसला की पत्र महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश वा छत्तीसगड यांच्याकडे वळते. माणूस गाव सोडून गेला तरी हा क्रमांक गावातच राहतो. अपवाद एकच, ९ या आकड्याचा. तो सैन्याच्या टपालाचा असून जवानाचा ठावठिकाणा त्यावरून कळत नाही, किंबहुना कळू नये हाच त्याचा हेतू आहे.

संगणकांच्या जाळ्यातील आय.पी. पत्ता हाही पत्ताच म्हणविला जातो. परंतु त्याचे कूळ निराळे. त्याचे जे नियम सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांत संदेश कोणत्या जाळ्यात व तेथील कोणत्या यंत्राकडे न्यावा, एवढीच व्यवस्था होती. शहर, रस्ता, अक्षांश, रेखांश यांचा त्यात मागमूस नव्हता. क्रमांकांची नोंदवही आरंभी अमेरिकेतील जॉन पोस्टेल हे गृहस्थ जवळजवळ एकहाती सांभाळीत. पुढे खंडवार संस्था निघाल्या; आशियासाठीच्या संस्थेची कचेरी ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला आहे. या संस्था क्रमांकांचे गठ्ठे कंपन्यांना देतात आणि कंपन्या ते ग्राहकांना जणू भाड्याने देतात : आज एकाला, उद्या दुसऱ्याला. एकूण क्रमांक सुमारे ४२९ कोटी. त्यांचा मध्यवर्ती साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपला. तेव्हापासून एकाच क्रमांकाआड अनेक ग्राहक बसविण्याची रीत फारच बोकाळली. कोकणातील एखाद्या वाडीवरचा फोन जाळ्याला मुंबईचा भासतो, तो यामुळेच.

मग क्रमांकावरून ठिकाण सांगणारे ते सांगतात कशावरून? कंपनीची नोंदलेली कचेरी, संदेशाला लागणारा वेळ, ग्राहकांनी स्वतः दिलेली माहिती, अशा धाग्यांवरून त्यांनी वह्या तयार केल्या आहेत. त्या देश बहुधा बरोबर सांगतात, शहर सांगताना पुष्कळदा चुकतात, आणि घर तर त्यांना ठाऊकच नसते.

मॅक्समाइंड नावाची अमेरिकन कंपनी अशीच वही विकते. क्रमांक अमेरिकेतला आहे, याहून अधिक काही कळले नाही, की ती देशाच्या मध्याजवळचा एक बिंदू लिहून ठेवी : ३८ अंश उत्तर, ९७ अंश पश्चिम. सोयीसाठी पूर्णांक घेतले होते. दुर्दैव असे, की कॅन्सस राज्यात पॉटविन गावाजवळ नेमके तेथे एक शेतघर होते. साठ कोटींहून अधिक क्रमांक त्या घराच्या माथी पडले. चोरीचे फोन शोधणारे, फसवणुकीने गांजलेले, करवसुलीचे अधिकारी, पोलीस, सारे वर्षानुवर्षे त्या दारात येऊन उभे राहत आणि घरच्यांना कारण उमगत नसे. २०१६ साली एका वार्ताहर बाईंनी हे कोडे उलगडले. तेव्हा कंपनीने तो बिंदू विचिटा शहराच्या पश्चिमेस एका तळ्यात हलविला. माहीत नसलेला रकाना कोरा ठेवण्याचे धैर्य कचेऱ्यांत किती दुर्मिळ असते, हे सरकारी नोकरीत वीस वर्षे काढलेल्या माणसाला कोणी सांगावयास नको!

कॅन्ससमध्ये निदान अंदाज चुकला होता. ज्या कंपनीचा क्रमांक, तिची स्वतःची नोंदवही मात्र अंदाजावर चालत नाही. अमुक क्षणी तो कोणाकडे होता, हे तीच सांगू शकते. पण तीही चुकली तर? २००७ साली शिवछत्रपतींविषयीच्या एका आक्षेपार्ह चित्राच्या तपासात पुणे पोलिसांनी अशाच नोंदीवरून बंगळूरच्या एका तरुण अभियंत्यास पकडले. तो सुमारे पन्नास दिवस तुरुंगात होता. क्रमांक त्याचा नव्हताच, हे मागाहून उघड झाले.

आता तर क्रमांकाबरोबर तारीख, तास, मिनिट, सेकंद आणि ती कोणत्या देशाची वेळ, हेही विचारावे लागते. सामाईक क्रमांक असल्यास कोणत्या 'पोर्ट'मधून संदेश गेला, हेही लागते. एवढे करूनही हाती येते ते जोडणीधारकाचे नाव. कळफलकावर बोटे कोणाची होती, हे त्या वहीत लिहिलेले नसते. २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाने भारत सरकारने अशा नोंदी १८० दिवस जपण्याचे व संगणकांची घड्याळे राष्ट्रीय वेळेशी जुळती ठेवण्याचे बंधन घातले आहे.