रोग वेगळे, भीती एकच
अंगावर सोरायसिसचे चट्टे असलेल्या माणसाच्या हातचं पाणी घ्यायला लोक आजही कचरतात. मनातली शंका एकच: हा महारोग तर नाही ना? ही शंका येते कुठून, ते आपण पाहू.

चरकसंहितेत ‘कुष्ठ’ या एका शब्दाखाली त्वचेचे अठरा विकार येतात. युरोपातही हे दोन रोग एकमेकांत मिसळलेले होते; व्हिएन्नाच्या हेब्रा यांनी १८४१ मध्ये ते स्पष्टपणे वेगळे केले. कुष्ठरोगाचा जंतू हॅन्सन यांना १८७३ मध्ये सापडला. सोरायसिसला असा जंतूच नाही. प्रतिकारयंत्रणा बिघडते, त्वचेच्या पेशी भराभर वाढतात, खवले साचतात. तो स्पर्शानं पसरत नाही.

म्हणून आपण सांगतो, ‘घाबरू नका, हा महारोग नव्हे.’ हे खरं आहे, पण अपुरं. त्यानं एक रुग्ण सुटतो आणि दुसरा अधिकच वाळीत पडतो.

आपल्या वर्ध्यानं वेगळं उत्तर दिलं होतं. १९३६ मध्ये विनोबांचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केलं. पुढे सेवाग्रामला कुष्ठरोगी संस्कृत पंडित परचुरेशास्त्री आले. गांधीजींनी त्यांना आपल्या कुटीजवळ ठेवून घेतलं, स्वतः मालिश केली. तेव्हा खात्रीचं औषध नव्हतं, रोग तर संसर्गाचा. तरी माणूस दूर लोटला नाही. आज कुष्ठरोगही औषधांनी पूर्ण बरा होतो.

निदान डॉक्टरांनी करावं. पंगतीत शेजारी बसायला आपल्याला निदानाची वाट पाहावी लागू नये.