घरातले यंत्र आणि यंत्राचे भाडे

सुयांवर लोकर विणणे हा उद्योग आज आपल्याकडे फावल्या वेळेचा व कौतुकाचा मानला जातो, आणि येणाऱ्या बाळासाठी टोपडे वा थंडीसाठी स्वेटर विणणाऱ्या गृहिणीच्या मनात, या टाक्यांवर कधी काळी प्रजेचे पोट व सरकारचे कायदे अवलंबून होते, अशी शंकाही येण्याचे कारण नाही. परंतु सोळाव्या शतकातील इंग्लंडात तशीच स्थिती होती. १५७१ साली तेथील पार्लमेंटाने असा कायदा केला, की सरदार-मानकरी व तत्सम प्रतिष्ठित मंडळी वगळून सहा वर्षांवरील प्रत्येकाने रविवारी आणि सणावारी स्वदेशी विणीची लोकरी टोपी घालावी. न घातल्यास दिवसाला ३ शिलिंग ४ पेन्स दंड. ही टोपी प्रथम सुयांवर सैल व मापापेक्षा मोठी विणीत, नंतर पाण्यात भिजवून, मळून-कुटून ती इतकी आटवीत की टाके दिसेनासे होऊन तिचा नमदा बनावा, आणि मग तिचा पृष्ठभाग कातरून गुळगुळीत करीत. विणणारे, कुटणारे, कातरणारे अशा अनेकांची चूल या एका टोपीवर पेटत असे. शौक मात्र कायद्याला जुमानीत नाही. १५९७ साली तो कायदा रद्द झाला. तोपर्यंत लोकांचे लक्ष डोक्यावरून पायांकडे वळले होते व विणलेल्या पायमोज्यांना राजदरबारापासून खेड्यापर्यंत मागणी आली होती. यॉर्कशायरमधील डेंटच्या खोऱ्यात तर स्त्रियाच काय, पुरुष आणि मुलेही कमरेला खोचलेल्या लाकडी नळीत एक सुई अडकवून चालता-बोलता मोजे विणीत.

अशा काळी, १५८९ साली, नॉटिंगहॅमजवळच्या कॅल्व्हर्टन गावच्या विल्यम ली याने मोजे विणण्याचे यंत्र सिद्ध केले. तो पाद्री होता असे सांगतात; ज्या तरुणीवर त्याचे मन जडले होते ती त्याच्यापेक्षा आपल्या विणकामाकडे अधिक लक्ष देई, म्हणून त्याने रागाने हे यंत्र रचले, अशी आख्यायिकाही आहे. आख्यायिका गोड आहे, पण यंत्राची रचना पाहता ती रागाच्या भरात सुचलेली वाटत नाही. हाताने विणताना एका वेळी एकच टाका पडतो. ली याने प्रत्येक टाक्याला स्वतंत्र आकडेवजा सुई देऊन त्या सर्व सुया एका रांगेत बसविल्या, आणि त्यांवर धागा पसरून, मध्ये पातळ पात्या दाबून, संपूर्ण ओळ एकदम विणली जाईल अशी योजना केली. पुढली तीनशे वर्षे जी जी विणयंत्रे झाली त्यांचे मूळ या एका कल्पनेत आहे. मक्त्याची सनद मिळावी म्हणून त्याने राणी एलिझाबेथकडे अर्ज केला. पहिल्या यंत्राचे मोजे जाडेभरडे, म्हणून पुढे त्याने रेशमी मोजेही विणून दाखविले. पण सनद मिळाली नाही. हाताने विणून पोट भरणाऱ्या रयतेची चिंता हे नकाराचे कारण म्हणून सांगितले जाते. निराश होऊन ली फ्रान्सला गेला, रूआन येथे चौथ्या हेन्रीच्या आश्रयाने त्याने कारखाना मांडला, परंतु १६१० मध्ये त्या राजाचा खून झाला आणि आश्रय संपला. काही वर्षांतच ली परदेशात निवर्तला. त्याचा भाऊ जेम्स यंत्रे घेऊन स्वदेशी परतला. या धंद्याच्या मंडळीला १६५७ साली क्रॉम्वेलने व १६६३ साली दुसऱ्या चार्ल्सने सनद दिली. ज्याने ती मागितली होती तो तेव्हा हयात नव्हता.

यंत्र आले म्हणजे घर सुटले व गिरणी आली, असा इतिहासाचा एक ठरीव साचा आपण पाठ केलेला असतो. पायमोज्यांच्या बाबतीत तो लागू पडत नाही. ली याचे यंत्र हातापायांनी चालणारे, एका माणसाचे, आणि झोपडीच्या खोलीत मावणारे होते. त्यामुळे ते जवळजवळ अडीचशे वर्षे घरातच राहिले. नॉटिंगहॅम, लेस्टर व डर्बी या परगण्यांतील खेड्यांत आजही काही जुन्या घरांना लांबच लांब खिडक्या दिसतात, त्या या यंत्रावर उजेड पडावा म्हणून ठेवलेल्या. संध्याकाळी पाण्याने भरलेला काचेचा गोळा मेणबत्तीपुढे टांगून तिचा प्रकाश सुयांवर एकवटीत. यंत्र चालविण्यास अंगबळ लागे, म्हणून विणण्याचे काम पुरुषाकडे गेले. जी स्त्री पूर्वी सुया चालवीत होती तिच्या वाट्याला मोज्याची शिवण आली, आणि मुलांच्या वाट्याला सूत गुंडाळणे.

घरातले हे यंत्र मात्र बहुधा घरच्यांचे नसे. ते मोजेवाल्या व्यापाऱ्याचे वा त्याच्या हस्तकाचे असे, आणि त्याचे भाडे दर आठवड्याच्या मजुरीतून कापले जाई. काम पुरते असो, अर्धे असो की नसो, भाडे चालूच. पीक बुडाले तरी कुळाने खंड भरावा तसा हा प्रकार. परिणामी मालकाचा फायदा मोजे विकण्यात होता तितकाच यंत्रे वाढविण्यातही होता, आणि थोडेसे काम अनेक यंत्रांवर पसरून प्रत्येकाचे भाडे वसूल करणे त्याला परवडे. ज्यांचा या धंद्याशी काडीचा संबंध नाही असे दुकानदारही यंत्रे विकत घेऊन भाड्याने देऊ लागले. स्वतःचे यंत्र बाळगणाऱ्याला काम मिळणेच दुरापास्त होई. १७७९ साली मजुरीचे नियमन करणारे विधेयक पार्लमेंटाने फेटाळले, तेव्हा नॉटिंगहॅमात दंगा उसळून यंत्रे मोडली गेली.

१८११ सालच्या, यंत्रे मोडीत सुटलेल्या लुडाइटांच्या बंडाची ही खरी पार्श्वभूमी आहे. यंत्रद्वेष्टे अडाणी लोक म्हणून त्यांचे नाव बद्दू झाले आहे. तो अन्याय आहे असे मला स्पष्ट वाटते. त्यांचे बापजादे याच यंत्रावर जगले होते. त्यांचा राग होता तो मजुरी उतरविणाऱ्या मालकांवर, आणि रुंद यंत्रावर सलग कापड विणून, ते कात्रीने कापून, शिवून मोजे म्हणून खपविण्याच्या नव्या चालीवर. सुया हाती धरलेल्या वाचकाला हे अधिक सांगायला नको: पोटरी व घोटा यांच्या आकाराप्रमाणे टाके घटवीत-वाढवीत विणलेल्या मोज्याची कड पक्की असते, पण विणीवर कात्री चालविली की प्रत्येक कापलेला टाका उसवण्याची वाट पाहत राहतो. असा माल स्वस्त पडे, लवकर फाटे, आणि बदनाम मात्र सारा धंदा होई. म्हणून आर्नल्ड व आसपासच्या गावांत यंत्रे मोडणाऱ्यांनी अशा मालकांची यंत्रे हेरून मोडली. जुना दर देणाऱ्यांची त्याच ठिकाणी शाबूत ठेवली.

सरकारने १८१२ साली यंत्र मोडणाऱ्यास देहान्त शासन ठरविले. नॉटिंगहॅमच्याच परगण्यात ज्याची वाडी होती तो कवी बायरन २७ फेब्रुवारी १८१२ रोजी सरदारसभेत प्रथमच बोलावयास उठला तो या विधेयकाला विरोध करण्यासाठी. भाषण गाजले, विधेयकही संमत झाले. त्याच वर्षी ग्रॅव्हेनर हेन्सन या विणकऱ्याने सनदशीर मार्गाने दुसरे विधेयक पुढे आणविले, ज्यात वाईट मालाला व मजुरीतील लबाडीला आळा घालावयाचा होता. ते लोकसभेत टिकले, सरदारसभेत बुडाले. तोडफोडीला फाशी आणि अर्जाला नकार, असा तो न्याय.

विल्यम फेल्किन याने १८४४ साली मोजणी केली तेव्हा ४८,४८२ यंत्रे भरली, आणि पुढल्याच वर्षी सरकारी चौकशीच्या कैफियतीत या घरांची दैना छापून आली. १८४७ च्या सुमारास लेस्टरच्या मॅथ्यू टाउनसेंडने सुईच्या आकड्याला उघडझाप करणारी लहानशी जीभ बसविली, व यंत्रातील बराच गुंता नाहीसा झाला. १८६३ साली अमेरिकेत आयझॅक लॅम याने तिच्या आधारे हाताने चालणारे सपाट विणयंत्र केले. आपल्या शहरांत ज्या बायका घरच्या निटिंग मशीनवर ऑर्डरचे स्वेटर विणतात, त्या मशीनमधली सुई हीच. ते मशीन निदान स्वतःच्या मालकीचे असते, एवढा फरक ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

इंग्लंडात मात्र तोवर वाफेवर चालणाऱ्या मोठ्या यंत्रांनी विणकाम गिरणीत ओढून नेण्यास आरंभ केला होता, आणि खेड्यांतील लांब खिडक्यांमागची जुनी यंत्रे एकेक करून थांबत होती. यंत्राचे भाडे मजुरीतून कापण्यास मनाई करणारा कायदा अखेर १८७४ साली झाला. ली याच्या यंत्राला तेव्हा २८५ वर्षे होऊन गेली होती.