क्लॅम्प फ्रेम (यांत्रिक भरतकाम)

क्लॅम्प फ्रेम हे बहुसुई भरतकाम यंत्रावर कापड किंवा शिवून तयार झालेली वस्तू पकडून ठेवण्याचे जोडसाधन आहे. नेहमीच्या रिंगमध्ये कापड दोन कड्यांच्या मध्ये दाबून ताणले जाते. क्लॅम्प फ्रेममध्ये ते खालची चौकट व वरचा जबडा यांच्यात चिमट्याप्रमाणे धरले जाते. खिसे, दप्तरे, कॉलर, बूट, जाड टॉवेल अशा रिंगमध्ये सहज न बसणाऱ्या वस्तूंसाठी या साधनाचा उपयोग होतो. मराठवाड्यातील नांदेड व लातूर जिल्ह्यांतील शालेय गणवेश, रुमाला साहिब, बंजारा पोशाख आणि राष्ट्रध्वजाची खादी या वस्त्रप्रकारांच्या आधारे क्लॅम्प फ्रेम कोठे उपयोगी पडते आणि कोठे रिंगच योग्य ठरते, हे पुढे दिले आहे.

पार्श्वभूमी

भरतकामाचे यंत्र म्यूलूझ येथील जोझ्वे हाइलमान याने १८२८ साली तयार केले. १८६३ साली स्वित्झर्लंडमध्ये इझाक ग्रोब्ली याने शिफ्ली यंत्राचा शोध लावला. या यंत्रांत न शिवलेले अखंड कापड मोठ्या उभ्या चौकटीवर ताणलेले असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानमधील ताजिमा व इतर कंपन्यांच्या यंत्रांमुळे बहुमुखी व पुढे संगणकनियंत्रित भरतकाम रूढ झाले. त्यानंतर तयार कपड्यावर नाव किंवा बोधचिन्ह भरून देण्याची कामे वाढली. शिवलेल्या वस्तूला शिवणी, चेन, पट्ट्या आणि अस्तर असते. ती सपाट ताणता येत नसल्याने पकडीची वेगळी साधने आवश्यक ठरली.

रचना

बहुसुई यंत्राच्या मुख्य भागात साधारणतः ६ ते १५ सुया असतात. प्रत्येक सुईत वेगळ्या रंगाचा दोरा ओवलेला असतो आणि रंग बदलताना सुयांचा संच आडवा सरकतो. टाका घातला जात असताना सुई एका जागी वरखाली होते, तर फ्रेम डावी-उजवीकडे व पुढे-मागे सरकते. सुईखालचा हात अरुंद व मोकळा असल्याने बाही, पिशवी किंवा खिसा त्यावर चढवता येतो.

क्लॅम्प फ्रेमचे मुख्य भाग तीन असतात: फ्रेम सरकवणाऱ्या दांड्याला जोडणारा आधार, कापडाखाली राहणारी खिडकीसारखी उघडी चौकट आणि वरून दाब देणारा जबडा. जबडा स्प्रिंग, तरफ किंवा स्क्रूने बंद होतो. त्याच्या कडेला बहुधा रबर किंवा खाचा असतात. काही संचांत वेगवेगळ्या मापांच्या खिडक्या बदलून बसवता येतात. टोपीच्या पुढच्या भागासाठी फिरणारी स्वतंत्र टोपी-फ्रेम असते. चुंबकीय फ्रेममध्ये दाब चुंबकांनी दिला जातो.

वापराची पद्धत

१. नक्षीच्या मापापेक्षा थोडी मोठी खिडकी निवडली जाते. प्रेसर फूट सुईपेक्षा रुंद असल्याने नक्षीच्या चारही बाजूंना मोकळी जागा ठेवावी लागते.

२. कापडाखाली बॅकिंग ठेवले जाते. ताणल्या जाणाऱ्या विणीच्या कापडाला कापून काढायचे, तर घट्ट सुती कापडाला फाडून काढायचे बॅकिंग सामान्यतः वापरतात. टॉवेलवर टाके तंतूंत बुडू नयेत म्हणून वरून पाण्यात विरघळणारा पातळ पडदा ठेवतात.

३. खालची चौकट वस्तूच्या ज्या थरावर भरतकाम करायचे आहे, फक्त त्याच थराखाली सरकवली जाते. उरलेले थर, पट्टे व अस्तर बाजूला बांधले जातात.

४. जबडा बंद केल्यानंतर यंत्रात फ्रेमचे माप व मध्यबिंदू निश्चित केला जातो.

५. सुई खाली न आणता नक्षीची बाह्यरेषा फिरवून पाहिली जाते. याला ट्रेस म्हणतात.

६. पहिले टाके कमी वेगाने घातले जातात.

धोके व मर्यादा

यंत्रासोबत मिळणाऱ्या रिंगची मापे यंत्राच्या स्मृतीत असतात, त्यामुळे नक्षी रिंगच्या बाहेर जात असल्यास अनेक यंत्रे सूचना देतात किंवा काम सुरूच करत नाहीत. दुसऱ्या उत्पादकाची क्लॅम्प फ्रेम यंत्राला ओळखता येईलच असे नाही. अशा वेळी सुरक्षित सीमा ठरवण्याची जबाबदारी चालकावर येते. सुई किंवा प्रेसर फूट धातूच्या जबड्यावर आदळल्यास सुई तुटून तुकडे उडू शकतात, सुईदांडी वाकू शकते किंवा सुई व हूक यांचा मेळ बिघडू शकतो. म्हणूनच ट्रेस ही पायरी वगळली जात नाही.

दुसरी मर्यादा ताणाची आहे. रिंग कापडाला सर्व बाजूंनी सारखे ताणते. क्लॅम्प मुख्यतः धरून ठेवतो. कापड सैल राहिल्यास ते सुईबरोबर वर उचलले जाते आणि टाके सुटतात, दोऱ्याचा गुंता होतो किंवा नक्षीच्या कडा एकमेकींपासून सरकतात. यावर उपाय म्हणून घट्ट बॅकिंग वापरतात, वेग कमी ठेवतात आणि पंचिंग करताना मुख्य टाक्यांखाली आधाराचे टाके देतात. अतिशय दाट नक्षी टाळली जाते.

नांदेड व लातूर येथील वस्त्रप्रकार

गणवेश व दप्तरे: लातूर हे ‘लातूर पॅटर्न’मुळे राज्यभर ओळखले जाणारे शैक्षणिक केंद्र आहे. शिवलेल्या शर्टाच्या खिशावर शाळेचे बोधचिन्ह भरताना रिंग वापरल्यास खिसा व शर्ट एकत्र शिवले जाऊन खिसा बंद होण्याचा धोका असतो. क्लॅम्पची अरुंद चौकट खिशाच्या आत घालता येते, त्यामुळे खिसा वापरण्याजोगा राहतो. दप्तराच्या बाहेरील कप्प्यालाही हीच रीत लागू पडते.

रुमाला साहिब: नांदेड येथे शिखांच्या पाच तख्तांपैकी एक असलेले तख्त सचखंड श्री हजूर अबचलनगर साहिब आहे. गुरू ग्रंथ साहिबवर आच्छादन म्हणून अर्पण केल्या जाणाऱ्या रुमाल्यांवर भरतकाम असते. रुमाला मखमलीचा असल्यास रिंगच्या दाबाने मखमलीचे तंतू दबून वर्तुळाकार ठसा उमटू शकतो. जबड्याला मऊ रबर असल्यास व पकड काठाच्या शिवणीत घेतल्यास ठसा टाळता येतो. मोठ्या सपाट कापडाच्या मध्यभागी मात्र क्लॅम्प पोहोचत नाही. तेथे रिंगमध्ये केवळ बॅकिंग ताणून त्यावर मखमल चिकटवणे हा पर्याय असतो.

बंजारा पोशाख: मराठवाड्यातील तांड्यांवरील बंजारा स्त्रियांच्या फेटिया व कांचळी यांवर आरसे, कवड्या आणि नाणी लावण्याची परंपरा आहे. या वस्तूंवर सुई पडल्यास ती तुटते, तसेच असमान जाडीमुळे जबडा नीट मिटत नाही. म्हणून यंत्राचे भरतकाम आधी सपाट पट्टीवर करून आरसे व कवड्या नंतर हाताने टाकणे सुरक्षित ठरते. येथे क्लॅम्प रिंगची जागा घेऊ शकत नाही.

राष्ट्रध्वजाची खादी: नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती राष्ट्रध्वज तयार करते. त्यासाठीची खादी लातूर जिल्ह्यातील उदगीर येथील केंद्रात विणली जाते. ध्वजसंहितेनुसार अशोकचक्र छापता येते किंवा योग्य रीतीने भरताही येते. मात्र ते दोन्ही बाजूंनी पूर्ण दिसले पाहिजे. सपाट खादीवर असे भरतकाम करायचे झाल्यास चोवीस आरे समान अंतरावर राहण्यासाठी सर्व बाजूंचा सारखा ताण हवा, म्हणून रिंग अधिक योग्य असते. मागील बाजू दिसणार असल्याने बॉबिनमध्येही त्याच निळ्या रंगाचा दोरा आणि पूर्णपणे निघून जाणारे बॅकिंग आवश्यक ठरते.

साधनाची निवड

सामान्यतः सपाट, न शिवलेल्या कापडासाठी रिंग आणि शिवलेल्या, जाड किंवा अरुंद वस्तूसाठी क्लॅम्प फ्रेम वापरली जाते. नक्षी लहान, टाक्यांची संख्या मर्यादित आणि एकसारख्या वस्तू अनेक असतील, तर वस्तू लवकर चढवता-उतरवता येत असल्याने क्लॅम्पमुळे वेळ वाचतो. ग्राहकाने दिलेल्या एकमेव वस्तूवर काम करण्यापूर्वी त्याच जाडीच्या टाकाऊ कापडावर चाचणी घेतली जाते, कारण जाड टाके उसवल्यावरही कापडावर सुईची छिद्रे राहतात.