सुरतेची बालदी, आपली बादली

उधना-लिंबायतकडच्या खानदेशी बायका सुरतेत घरकाम धरताना ‘कचरा-पोतां’चे पैसे आधी ठरवून घेतात. कचरा म्हणजे केर काढणं, पोतां म्हणजे लादी पुसणं. आपल्या पोतेऱ्याशी या पोत्याचं नातं सांगावं लागत नाही. सावरणी, सुपडी, केरसुणी, सगळी नावं इथलीच. घरात पाणी आलं की मात्र दर्यापारचे शब्द येतात: बालदी, पीप, टुवाल, साबू.

सुरतेवर पोर्तुगीजांचं राज्य कधीच नव्हतं. १५३० मध्ये त्यांनी हे शहर जाळलं आणि त्यांच्याच धाकाने तापीकाठी किल्ला उभा राहिला. पण १५५९ पासून दमण त्यांच्याकडे होतं, वसई १७३९ पर्यंत होती आणि किनाऱ्यावर कामापुरती बोली त्यांचीच चालायची. १६१३ मध्ये सुरतेत वखार घालणाऱ्या इंग्रजांनाही ती लागे. १६९८ च्या सनदेने तर ईस्ट इंडिया कंपनीच्या पाद्र्यांना इथे आल्यापासून वर्षभरात पोर्तुगीज शिकणं बंधनकारक केलं. नोकरचाकरांच्या तोंडी हे शब्द असेच बसले असावेत, असं मला वाटतं.

पोर्तुगीज ‘बाल्दे’ हे खलाशांचं भांडं. त्यावरूनच झालेलं ‘बाल्देआर’ हे क्रियापद जहाजाची फळी धुण्यालाही लावतात. ‘बाल्दे’ची गुजरातीत बालदी झाली, मराठीतही बालदी आणि मग ल-द जागा बदलून बादली. घागर, कळशी, हंडा असताना ही कशाला हवी होती? कळशीचं तोंड निमुळतं, पाणी हिंदकळू नये म्हणून. तिच्यात हात घालून फडकं खळबळता येत नाही. बादलीचं तोंड उघडं, वर कडी, एका हाताने ओढत पुढे सरकता येतं. विहिरीची डोल गुजरातीत होतीच आणि सुरती घरांत आजही डोल जास्त ऐकू येते, पण बालदीही टिकली आहे. पिंप आणि घमेलं हेही ‘पीपा’ आणि ‘गामेला’ यांचे वंशज.

झाडूला पोर्तुगीजात ‘व्हासोरा’ म्हणतात. तो शब्द आपल्याकडे रुजला नाही. लक्ष्मीपूजनाला जिला हळदकुंकू वाहायचं, तिला परकं नाव कोण देणार!

साबणाचं श्रेय एकट्या पोर्तुगीजांना देणं मला पटत नाही. सुरत हे हजचं बंदर, अरबी ‘साबून’ तिथे सहज उतरला असणार. टुवालाचंही तसंच: पोर्तुगीज ‘तोआल्या’ आणि इंग्रजी टॉवेल हे एकाच जुन्या जर्मानिक शब्दाचे भाऊबंद.

ही सगळी वंशावळ बार्देशातल्या आसगावच्या सेबास्तियांव रोदोल्फ दालगादो यांनी १९१३ मध्ये ग्रंथरूपाने मांडली. तिचं इंग्रजी भाषांतर १९३६ मध्ये बडोद्याहून निघालं.

इंग्रजीची भर पुढची: ब्रश, फिनाईल आणि आता मॉप. दांड्याच्या मॉपमुळे उकिडवं बसून पुसणं कमी झालं, तरी पैसे ठरतात ते पोतांचेच.