ध्वनी प्रत्याभरणाचे शारीरिक परिणाम

ध्वनी प्रत्याभरण किंवा ऑडिओ फीडबॅक म्हणजे ध्वनिवर्धकातून बाहेर पडलेला आवाज त्याच यंत्रणेच्या मायक्रोफोनमध्ये पुन्हा शिरल्यामुळे निर्माण होणारा सलग, बहुधा कर्कश स्वर होय. डॅनिश भौतिकशास्त्रज्ञ सोरेन लार्सन यांच्या नावावरून यास 'लार्सन परिणाम' असेही म्हणतात. हा स्वर पुरेसा तीव्र असल्यास श्रोत्याच्या श्रवणशक्तीवर तात्पुरता, तर काही वेळा कायमचा परिणाम होऊ शकतो.

निर्मिती

मायक्रोफोनने टिपलेला आवाज वर्धित होऊन ध्वनिवर्धकातून बाहेर पडतो व त्याचा काही अंश मायक्रोफोनकडे परततो. एखाद्या वारंवारितेचा आवाज प्रत्येक फेरीत घटण्याऐवजी वाढू लागला, की तो अल्पावधीत यंत्रणेच्या कमाल क्षमतेपर्यंत पोहोचतो.

कानावरील परिणाम

प्रौढ माणसाची कर्णनलिका सुमारे २.५ सेंमी लांब असते. तिच्यातील अनुनादामुळे ३,००० हर्ट्झच्या आसपासचे स्वर कानाच्या पडद्यापाशी अधिक तीव्र होतात. फीडबॅकची शिट्टी अनेकदा याच पट्ट्यात असल्याने ती विशेष असह्य वाटते.

मोठा आवाज ऐकताच मध्यकर्णातील रिकीब या अस्थीला जोडलेला स्नायू आकुंचन पावतो व आत जाणारा ध्वनी काहीसा क्षीण करतो. मात्र या प्रतिक्षिप्त क्रियेस काही दशांश सेकंद लागू शकतात आणि तिचे संरक्षण मुख्यतः खालच्या स्वरांपुरते असते. त्यामुळे अचानक उमटलेल्या उच्च स्वरापासून कानाचा फारसा बचाव होत नाही.

अंतःकर्णातील कॉक्लिआ या शंखाकृती भागात सुमारे १५,००० केशपेशी असतात. तीव्र आवाजाने त्या थकल्यास काही काळ ऐकू कमी येते, कान दडे बसल्यासारखे वाटतात किंवा कर्णनाद ऐकू येतो. ही लक्षणे बहुधा काही तासांत ते एक-दोन दिवसांत ओसरतात. माणसात नष्ट झालेल्या केशपेशी पुन्हा निर्माण होत नाहीत. म्हणून त्यांच्या नाशाने आलेला बधिरपणा कायम राहतो.

हानीचे प्रमाण तीव्रता व कालावधी या दोहोंवर अवलंबून असते. अमेरिकेतील 'नायॉश' या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आवाजात दिवसाला ८ तास, तर १०० डेसिबल आवाजात केवळ १५ मिनिटे राहावे. दूरवरून क्षणभर ऐकलेली शिट्टी सहसा निरुपद्रवी असते. ध्वनिवर्धकालगत किंवा हेडफोनमधून ऐकलेली शिट्टी अधिक धोक्याची ठरते.

इतर शारीरिक प्रतिक्रिया

अनपेक्षित आवाजाने माणूस दचकतो. पापण्या मिटतात, मान व खांद्यांचे स्नायू आखडतात आणि हृदयाचे ठोके वाढतात.

प्रतिबंध

मायक्रोफोन ध्वनिवर्धकांच्या मागे व वक्त्याच्या तोंडाजवळ ठेवणे, शिट्टी सुरू होताच आवाज कमी करणे आणि कमाल तीव्रतेला आळा घालणारा लिमिटर वापरणे हे प्रमुख उपाय आहेत. मोकळ्या जागी अंतर दुप्पट केल्यास आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो. कर्णनाद दोन दिवसांहून अधिक टिकल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. अचानक ऐकू येईनासे झाल्यास मात्र विलंब न करता उपचार घेणे आवश्यक असते.

हे सुद्धा पहा

- डेसिबल
- कर्णनाद
- ध्वनिप्रदूषण