बालसंधिवात : प्रौढ उपचारांकडे स्थित्यंतर

बालपणी संधिवात झालेल्या मुलाची देखभाल बालसंधिवाततज्ज्ञाकडून प्रौढांच्या संधिवाततज्ज्ञाकडे टप्प्याटप्प्याने सोपवण्याची प्रक्रिया. ती काही वर्षे चालते. कागदपत्रे नव्या रुग्णालयात जाणे, म्हणजेच हस्तांतरण, हा तिचा केवळ अखेरचा टप्पा होय.

आजार : सोळाव्या वाढदिवसापूर्वी सुरू झालेला, किमान ६ आठवडे टिकलेला आणि ज्याचे अन्य कारण सापडत नाही असा सांधेदाह ‘जुव्हेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस’ या नावाने ओळखतात. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्याचे ७ प्रकार आहेत. लंडनचे वैद्य जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांनी १८९७ मध्ये २२ मुलांच्या अभ्यासातून मुलांच्या सांधेदाहाचे वेगळेपण मांडले. वयात आल्यावर हा आजार आपोआप जातो, ही समजूत धोक्याची आहे. अनेकांमध्ये तो प्रौढपणीही सक्रिय राहतो. खुरटलेली वाढ, लहान राहिलेला जबडा, दोन पायांच्या लांबीतील फरक या बालपणीच्या खुणाही सोबत येतात.

डोळ्यांची देखरेख : कमी सांधे बाधित असलेल्या प्रकारात, विशेषतः रक्तातील एएनए (अँटिन्यूक्लिअर अँटिबॉडी) चाचणी सकारात्मक असल्यास, डोळ्याच्या आत दाह होऊ शकतो. त्याला युव्हायटिस म्हणतात. अशा मुलांचा डोळा बहुधा लाल होत नाही की दुखत नाही. मूल तक्रार करत नाही आणि स्लिट लॅम्प या नेत्रतपासणीच्या उपकरणाने केलेल्या तपासणीवाचून दाह समजत नाही. गुडघा शांत असतानाही डोळ्यात दाह चालू असू शकतो. दुर्लक्ष झाल्यास मोतीबिंदू, काचबिंदू व कायमची दृष्टिहानी संभवते. प्रौढांच्या नेहमीच्या संधिवातात डोळ्याचा असा मूक दाह सहसा दिसत नाही, त्यामुळे हस्तांतरणाच्या वेळी नेमकी ही तपासणी सुटण्याचा धोका असतो. मागील नेत्रतपासणीची तारीख, निष्कर्ष आणि पुढील तारीख यांच्याशिवाय दिलेले हस्तांतरणपत्र अपुरे समजावे.

ब्रिटनमधील कार्यक्रम : अशा स्थित्यंतराची तपशीलवार नोंद ब्रिटनमध्ये झाली. जॅनेट मॅक्डोनॉ व सहकाऱ्यांनी १० केंद्रांमध्ये ११, १४ आणि १७ वर्षांच्या मुलामुलींसाठी कार्यक्रम राबवला. प्रत्येक केंद्रात एक समन्वयक होता. मुलासाठी आणि पालकांसाठी वेगवेगळे आराखडे होते. त्यांत आजाराबरोबरच घर व शाळा यांचाही विचार होता. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ६ आणि १२ महिन्यांनी जीवनमानाचे गुण आधीपेक्षा सुधारले. ही तुलना त्याच मुलांच्या पूर्वस्थितीशी होती, म्हणून सुधारणेचे सारे श्रेय कार्यक्रमाला देता येत नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०१६ मध्ये सर्वच दीर्घ आजारांसाठी तेराव्या-चौदाव्या वर्षापासून नियोजन सुचवले. युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संयुक्त शिफारशींतही चौदावे वर्ष ही सुरुवातीची कमाल मर्यादा आहे.

कॅनडा : माँट्रियल येथील २०१० च्या अभ्यासात प्रौढ विभागाकडे पाठवलेल्या १०० रुग्णांपैकी ५२ जणांचे हस्तांतरण दोन वर्षांच्या अखेरीस अयशस्वी ठरले.

तयारी : मुलाने वा मुलीने आपल्या आजाराचे व औषधांचे नाव स्वतः सांगणे, तपासणीची वेळ स्वतः घेणे आणि भेटीचा काही भाग पालकांविना डॉक्टरांशी बोलणे, ही मुख्य अंगे होत. या आजारात मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते रोज घेतल्यास जीव धोक्यात येतो. गर्भावर त्याचा घातक परिणाम होतो आणि मद्याबरोबर यकृतावरील ताण वाढतो. गर्भनिरोधन व मद्य हे विषय आईवडिलांसमोर निघत नाहीत, म्हणून एकांतातील संवाद हा औषधोपचाराचाच भाग आहे. पालकांना बाजूला सारणे हा त्याचा हेतू नाही. वर्षानुवर्षे गोळ्यांच्या वेळा सांभाळणाऱ्या आईलाही जबाबदारी सोडण्यासाठी मदत लागते.

हस्तांतरणाचे वय : १६ ते १८ वर्षे अनेक ठिकाणी प्रचलित. वयापेक्षा तयारी पाहावी असे मत वाढत आहे. आजार भडकलेला असताना हस्तांतरण शक्यतो टाळतात.

भारत : अनेक सरकारी रुग्णालयांत बालविभागाची मर्यादा १२ वर्षे असते. मात्र २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे.

मूल्यमापन : स्वतंत्र विभाग किंवा पूर्णवेळ समन्वयक नसलेल्या ठिकाणीही निदान, आजवरची औषधे, लसी, डोळ्यांचा अहवाल आणि नव्या डॉक्टरांच्या पहिल्या भेटीची निश्चित तारीख असलेले पत्र देणे शक्य आहे. त्याची एक प्रत मुलाच्या वा मुलीच्या हाती द्यावी आणि ती भेट झाली की नाही, याची खात्री पाठवणाऱ्या डॉक्टरांनी करावी. तोवर त्यांची जबाबदारी संपत नाही.