मे महिन्यातलं शिबिर आणि संडासाचा चर

गेल्या आठवड्यात आपल्या ग्रुपवर एक पत्रक फिरलं. तुम्हीही पाहिलं असेल. आठवी ते दहावीच्या मुलांसाठी निवासी 'लीडरशिप कॅम्प', सात दिवस, फी साडेअठरा हजार. रायफल शूटिंग, पब्लिक स्पीकिंग, शेवटच्या दिवशी सर्टिफिकेट आणि ड्रोनने काढलेला व्हिडिओ. खाली तीन-चार जणांनी अंगठे दिले, एकाने विचारलं, हप्त्यानं भरता येतील का.

कॅम्पवाल्यांशी माझं भांडण नाही. ज्याला परवडतं त्याने पाठवावं. पण शाळकरी पोरांना आठ दिवस घराबाहेर एकत्र ठेवून काहीतरी घडवायचं, ही कल्पना आपल्या भागात नवी नाही आणि ती विकतही मिळत नव्हती. म्हणून हे लिहितोय. थोडं लांबेल.

मुळात अशा शिबिरांची सुरुवात सांगितली जाते ती इंग्लंडातल्या ब्राउनसी बेटावरून. १९०७ च्या ऑगस्टमध्ये बेडन-पॉवेलने वीसेक पोरं तिथे नेली. बड्या शाळांतली काही आणि कामगारांच्या घरातली काही, एकाच तंबूत. त्यातून स्काउट निघाले. पुढे पहिलं महायुद्ध झालं आणि सगळ्या जगालाच पोरांची शिबिरं घ्यायचा नाद लागला. रशियात पायोनियर, इटलीत मुसोलिनीचे बलिल्ला, जर्मनीत हिटलरची युवा संघटना. अमेरिकेत १९३५ साली माजी सैनिकांच्या संघटनेने 'बॉइज स्टेट' काढलं. त्यात पोरं आठवडाभर खोटं राज्य चालवतात, निवडणुका लढवतात. १९६३ साली तिथूनच पुढे निवडून गेलेला एक सोळा वर्षांचा मुलगा व्हाइट हाउसच्या बागेत केनेडींशी हात मिळवून आला. त्याचं नाव बिल क्लिंटन.

म्हणजे तंबू, शिट्टी, कवायत, शेकोटी सगळीकडे तीच. पोरगं परत येताना डोक्यात काय घेऊन येतं, फरक तिथे पडतो.

आपल्याकडे डॉ. ना. सु. हर्डीकरांनी १९२३ च्या काकिनाडा काँग्रेसच्या वेळी हिंदुस्थानी सेवा दल उभं केलं. महाराष्ट्रात मात्र खरी मुळं धरली ती ४ जून १९४१ पासून, राष्ट्र सेवा दलाने. एस. एम. जोशी दलप्रमुख. तेव्हा ते सदतिशीत होते. १९२९ साली पुण्यात पर्वतीचं मंदिर अस्पृश्यांना खुलं करा म्हणून सत्याग्रह झाला, त्यात मार खाल्लेला हा माणूस. त्यामुळे कवायत शिकवायची तर रांगेत सगळ्या जातीधर्माची पोरं हवीत आणि मुलीही हव्यात, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. १९४१ साली मुलामुलींनी एका मैदानात खेळायचं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात आज्या होत्या त्यांनाच विचारा.

वर्षभरात बेचाळीस आलं. एस. एम. भूमिगत झाले, दाढी वाढवून इमाम अली नावाने मुंबईत फिरत होते. आणि आपल्या जुन्या सातारा जिल्ह्यात शाखांवरची बरीच पोरं चळवळीत उतरली. पुढे प्रतिसरकार झालं, कुंडलला तुफान सेना झाली. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ रेल्वेच्या पगाराची गाडी लुटली, ही गोष्ट आपल्याकडे शेंबडं पोरही सांगतं. पण ती करणारे कोण होते? विशीतली, काही त्याहूनही लहान. कुणी त्यांना सर्टिफिकेट दिलं नव्हतं.

स्वातंत्र्यानंतर शिबिरं वाढली. मे महिना आला की शाळा रिकाम्या, तिथेच मुक्काम. सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक, संध्याकाळी खेळ, रात्री गाणी. कलापथकात वसंत बापट, लीलाधर हेगडे यांच्यासारखी माणसं होती. आणि त्याच कलापथकातून निळू फुले आणि राम नगरकर आले. एक लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत होता, दुसरा केशकर्तनाचा धंदा. या दोघांना पब्लिक स्पीकिंग कुणी शिकवलं असेल?

सगळं गोड नव्हतं, हेही लिहितो, नाहीतर कमेंटमध्ये तुम्ही लिहालच. वरची पुढारी मंडळी बरीचशी पुण्यातली, शिकलेली, पांढरपेशी. समाजवादी पक्ष जितक्या वेळा फुटला तितक्या वेळा शाखांवरची माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली. शिबिरातून तयार झालेले कितीतरी जण पुढे कुठल्या कुठल्या पक्षात गेले आणि तिथे जे करायचं तेच केलं.

आता माझं. मे १९८३. मी नववी पास. वडिलांच्या ओळखीचे एक गुरुजी घरी आले नि म्हणाले, पोराला आठ दिवस द्या. सोबत ताट, वाटी, तांब्या, सतरंजी आणि दोन किलो ज्वारी. एवढीच फी. ऐंशी पोरंपोरी, आठ तुकड्या. पहिल्या संध्याकाळी प्रत्येक तुकडीने आपला नायक निवडायचा. मी बोलका, अंगाने दांडगा, घरची जमीन बरी. हात वर झाले आणि मी नायक झालो.

नायकाचं काम एकच, उद्याची कामं वाटणं आणि वहीत लिहून ठेवणं. पाणी भरणं, भाकरी वाढणं, झाडलोट, बांधावर दगड लावणं, आणि संडासाचा चर. म्हणजे मैदानामागे लांब चर खणलेला, बाजूला तट्टे. सकाळी सगळे उरकले की त्यावर माती लोटायची, तट्टे सरळ करायचे, राख टाकायची. मी रोज रात्री वही लिहायचो आणि मला आपण फार व्यवस्थित आहोत असं वाटायचं.

तिसऱ्या रात्री बैठकीत शिबिराच्या ताई म्हणाल्या, "वही घेऊन ये आणि तीन दिवसांची यादी मोठ्याने वाच." बाकी काही बोलल्या नाहीत. मी उभा राहिलो आणि वाचायला लागलो. पाणी, अमुक. वाढणं, अमुक. चर, दोन नावं. दुसरा दिवस, चर, तीच दोन नावं. तिसऱ्या दिवसाला पोचलो तेव्हा आवाज निघेना. दोघंही आमच्या गावच्या खालच्या अंगाच्या वस्तीतले. मी ठरवून केलं नव्हतं. कसम खाऊन सांगतो, लिहिताना मनात जातीचा शब्दही नव्हता. हात आपोआप तिकडे गेला होता.

ताईंनी मला बसायला सांगितलं आणि गाणं सुरू केलं. उरलेले दिवस चरावर मी गेलो. त्यात मोठेपणा काही नव्हता. ऐंशी जणांनी यादी ऐकली होती, दुसरं तोंडच नव्हतं.

त्याच शिबिरात एका रात्री तुफान सेनेतले एक आजोबा आले होते. आम्हाला वाटलं, रेल्वे लुटीची गोष्ट सांगतील. त्यांनी अर्धा तास सांगितलं ते जेवणाबद्दल. लपून राहताना कुणाच्या घरची भाकरी खाल्ली, कुणी दार उघडलं आणि कुणी उघडलं नाही. तेव्हा कंटाळा आला होता.

त्या दोघांपैकी एक जण यंदा एसटीतून रिटायर झाला. गेल्या महिन्यात फोनवर त्याला ही गोष्ट काढली. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच. तो हसला. म्हणाला, "पहिल्याच दिवशी कळलं होतं रे. बघत होतो, कधी थांबतोस." मी विचारलं, बोलला का नाहीस. तर म्हणाला, "नायक तू होतास."

या मेमध्ये आपल्या शाळेत आठ दिवसांचं शिबिर घ्यायचं आम्ही काही जणांनी ठरवलंय, आणि तो रोज सकाळी पोरांची कवायत घ्यायला येतो म्हणालाय. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक येत्या शनिवारी आहे. समितीतल्या दोघांचं म्हणणं, मुलंमुली एकत्र मुक्कामाला नकोत. आणि एकाने विचारलंय की वरच्या-खालच्या आळीची पोरं एका पंगतीत बसवणार का. हे आत्ता, या साली विचारलंय. पालकांनी शनिवारी या आणि तिथे बोला, इथे नको.

आत्तापर्यंत बारा नावं आलीत, सात मुलं, पाच मुली. चाळीस झाली की भागतं. नाव द्यायचं असेल तर मला भेटा. ताट, वाटी, तांब्या, सतरंजी घरून आणायची. ज्वारी यंदा आम्ही बघतो. संडास आता शाळेत पक्के आहेत, पण धुवायचे पोरांनीच. कामाची वही रोज रात्री सगळ्यांसमोर वाचली जाईल.